तिसऱ्या गेटवरची जावा

बेळगावात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना टिळकवाडीची तीन रेल्वे गेटं वेगळी सांगायला नकोत. पहिलं, दुसरं, तिसरं. पत्ता सांगायचा तरी "दुसऱ्या गेटाच्या अलीकडं" असाच सांगायचा. उद्यमबागेत कामाला जाणाऱ्यांची सकाळ तिसऱ्या गेटवर अडायची. गाडी यायची असली की फाटक पडायचं आणि दोन्ही बाजूंना सायकली, लुना, स्कुटरी आणि मोटरसायकली गोळा व्हायच्या. १९८५ च्या डिसेंबरात याच फाटकासमोर आमची जावा रोज सकाळी बाबांची अब्रू घालवायची. न्यूट्रल सापडायचं नाही. क्लच दाबून धरला तरी गाडी पुढं सरकायची. बाबा ब्रेक दाबायचे की इंजिन एक आचका देऊन बंद. मग फाटक उघडलं की मागच्यांचे हॉर्न, आणि बाबा घामाघूम होऊन किक मारताहेत. मी तेव्हा पाचवीत होतो. शाळेच्या वाटेवर मला सोडायचे म्हणून मागं बसलेला असायचो.

गेल्या आठवड्यात आपल्यातल्या एकांनी वडिलांच्या जावाचा फोटो टाकला, खाली शंभरेक जणांनी आपापल्या आठवणी लिहिल्या. मीही दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. आमच्या जावाची गोष्ट दोन ओळींत मावत नाही. ती नुसती गाडीचीही नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण पुढचं समजायला ते लागतं.

जावा हे नाव मूळचं चेकोस्लोव्हाकियातलं. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर कंपनीचा मोटरसायकलचा परवाना घेतला. दोघांच्या नावातली पहिली अक्षरं जोडून जावा. आपल्याकडं परदेशी गाड्या आणण्यावर बंधनं आल्यावर मुंबईच्या इराणी मंडळींनी म्हैसुरात 'आयडियल जावा' हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथं गाड्या बनायला लागल्या. १९७३ नंतर त्याच घराण्यातली गाडी येझदी या नावाने यायला लागली. गंमत बघा. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं म्हणून आपले लोक मोर्चे काढत होते, सत्याग्रह करत होते, आणि त्याच म्हैसुरात पारशी-इराणी लोकांनी बनवलेली गाडी आपल्याच गल्ल्यांतून दिमाखात फिरत होती. गाडीला कुणी राज्य विचारलं नाही. चांगली होती, घेतली.

२५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरमागं चाळीस-पन्नास मिली. स्पीडोमीटर हेडलाइटच्या डब्यातच बसवलेला. चावी म्हणजे एक खिळाच, आणि आमच्या गल्लीत खरोखरचा खिळा घालून गाडी चालू करणारे होते. पण जावाची खरी खासियत डाव्या पायाशी होती. किक आणि गिअर दोन्ही एकाच दांडीवर. दांडी आत दाबून उभी फिरवली की किक. गाडी चालू झाली की तीच दांडी पुढं आणून गिअर टाकायचे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही दांडी पायाने दाबताना पहिल्या हालचालीतच क्लच आपोआप सुटायचा. म्हणजे एकदा गाडी चालायला लागली की हाताने क्लच दाबायची गरजच नाही, नुसत्या पायावर गिअर बदलत जायचं. बुलेटवाले गिअर उजव्या पायाने टाकायचे, ते जावावर बसले की गोंधळायचे. जावावाले हसायचे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा, क्लचची पेटी वेगळी, दोघांचं तेल वेगळं. जावाचं तसं नाही. गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले. क्लचच्या प्लेटांना बुचाचे, म्हणजे बाटलीच्या झाकणात असतं तसल्या बुचाचे, तुकडे बसवलेले असतात. ते याच तेलात भिजून काम करतात. आमच्या घरातलं सगळं रामायण या एका गोष्टीवरनं घडलं.

बेळगावात दुरुस्तीची परंपरा जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथंच सायकलचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि लोकांना चालवायलाही शिकवायच्या. तिथनंच पुढं नांगर, चरक असं करत कारखाना वाढला, जागेवरनं पालिकेशी बिनसलं आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ते गेले, पण किर्लोस्कर रोड हे नाव राहिलं आणि हाताला काळं लावून घेण्यात कमीपणा न मानण्याची सवयही राहिली. पुढं उद्यमबागेत फौंड्र्या आल्या, मशीन शॉपं आली. माझे बाबा अशाच एका फौंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये होते. म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करायचे. कातडीवरचा केस मोजावा इतकं बारीक काम. घरात एखादा दरवाजा करकरला तर तेल घालायच्या आधी बिजागरी का झिजली ते बघणारा माणूस. हे मुद्दाम सांगतोय. चूक अशा माणसाकडनं झाली.

जावा आमच्याकडं आली १९८५ च्या दिवाळीनंतर. फौंड्रीच्या ऑफिसातले हेडक्लार्क ती विकत होते. मूळचे बैलहोंगलकडचे, घरी कानडी बोलणारे. बाबा त्यांना अण्णा म्हणायचे, ते बाबांना नावापुढं 'राव' लावायचे. रोज दुपारचा चहा एकत्र. अण्णांनी ती गाडी १९६९ साली नवी घेतलेली, सोळा वर्षं एकहाती वापरलेली. टाकीच्या दोन्ही बाजूंचा क्रोम आरशासारखा. पैसे कमी पडत होते तेव्हा आज्जीने पाटल्या काढून दिल्या. "सायकलीवरनं किती दिवस जाणार? पावसात भिजतोस," एवढंच म्हणाली. गाडी दारात आली तेव्हा आईने हळदकुंकू लावलं. अण्णा स्वतः गाडी घेऊन आलेले. त्यांनी बाबांना अर्धा तास काय काय समजावून सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. बाबा मान हलवत होते, पण लक्ष सगळं गाडीवर. आम्ही पोरं हॉर्न वाजवून बघत होतो.

पहिले आठ दिवस स्वप्नासारखे गेले. मग बाबांनी आज्जीला घेऊन कोल्हापूरला अंबाबाईला जायचं ठरवलं. लांबचा प्रवास म्हणून आदल्या दिवशी गाडीची सेवा केली. त्यांचा एक जुना दोस्त ट्रकच्या गॅरेजात होता, त्याच्याकडं जाऊन गिअरचं तेल बदलून आणलं. प्रवास झकास झाला. निघताना पहिले पाच-सात किलोमीटर गिअर जरा जड वाटले, पुढं मोकळे झाले. आज्जीने परत आल्यावर गाडीला लिंबू बांधलं.

डिसेंबर लागला, थंडी पडली, आणि खेळ सुरू झाला. सकाळी किक दगडासारखी जड. पहिला गिअर टाकला की "खाट्ट" असा आवाज, शेजारच्या खिडकीत माणूस डोकवावा इतका. गाडी एक उडी मारून पुढं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दात करकरल्यासारखं. आणि न्यूट्रल तर नाहीच. पायावर गिअर टाकायची जावाची जी ऐट, ती पार गेली. संध्याकाळी परत येताना जरा बरी असायची. पण रोज सकाळी तिसरं गेट होतंच.

बाबांनी गाडी एका गॅरेजात दाखवली. नाव सांगत नाही, आता ते गॅरेजही नाही. त्या माणसाने गाडी गल्लीतनं एक चक्कर मारून आणली आणि निकाल दिला. गिअरबॉक्स गेलाय, दोन गिअर आणि फोर्क बदलायला लागणार, इंजिन फोडायला लागणार. खर्च ऐकून बाबांचा चेहरा उतरला. तूर्त म्हणून त्याने क्लचची केबल ताणून दिली. त्याने झालं असं की गिअर तितकेच कडक राहिले आणि वर चढावर क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी. एकाची दोन दुखणी झाली.

आणि मग ते घडलं. बाबा तावातावात ऑफिसात गेले आणि चहाच्या वेळी, चार माणसांच्या देखत अण्णांना म्हणाले, "फुटका गिअरबॉक्स माझ्या गळ्यात मारलात." अण्णा आधी हसले, त्यांना चेष्टा वाटली. मग म्हणाले, "राव, माझ्याकडं असताना असं कधी नव्हतं. गाडी परत आणा, पैसे परत घ्या." खरं तर गोष्ट तिथंच संपायची. पण बाबा म्हणाले, "तुमचे पैसे तुम्हालाच लखलाभ," आणि वर अजून एक वाक्य बोलले. "तुमचे लोक असेच."

ते वाक्य मला पुष्कळ वर्षांनी कळलं, बाबांच्याच तोंडून. लिहू की नको असा विचार केला. पण आपण इथं आठवणी लिहितो त्या नुसत्या गोड गोड लिहायच्या असतील तर न लिहिलेल्या बऱ्या. त्या काळची हवा ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाक्य कुठनं आलं ते सांगायला नको. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला तेव्हापासून प्रत्येक घरात ती ठसठस होतीच. ८६ साली कानडीसक्तीविरोधात आंदोलन पेटलं. आपली बाजू न्यायाची होती असं मी आजही मानतो. पण राज्याशी असलेलं भांडण चहाच्या टेबलावरच्या माणसावर काढायचं नसतं. गिअर अडकत होता गाडीचा. शिक्षा सोळा वर्षं गाडी जपलेल्या माणसाला.

अण्णा काही बोलले नाहीत. कपबशी ठेवून उठले. दोन महिन्यांनी ते नोकरी बदलून धारवाडला गेले. चहा संपला.

गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. बाबा पुन्हा सायकलवर. आज्जी पडवीत गेली की ताडपत्रीकडं बघायची आणि काही न बोलता परत यायची. त्या पाटल्या तिच्या आईच्या होत्या. ८६ चा उन्हाळा असा गेला, मग बेळगावचा पाऊस. कोंबड्या सीटवर बसायला लागल्या.

गणपतीला वडगावचा मामा आला. त्याने ताडपत्री उचलली आणि म्हणाला, "भावजी, ही जिवंत गाडी तुम्ही पुरून ठेवलाईसा." दुसऱ्या दिवशी एका मिस्त्रींना घेऊन आला. साठीचे, धोतर-टोपीतले, खांद्याला कापडी पिशवी. फौजेच्या वर्कशॉपात नोकरी करून परत आलेले. त्यांनी पिशवी उघडलीच नाही. आधी ओट्यावर बसले, चहा घेतला आणि विचारलं, "बिघडायच्या आदी शेवटचं काय केलासा गाडीला?"

बाबा म्हणाले, "काही नाही. कोल्हापूरला जाऊन आलो."

"जायच्या आदी?"

"तेल बदललं."

"कुठलं?"

बाबा जरा अभिमानानेच म्हणाले, "चांगलं, ट्रकला घालतात ते. १४० नंबर."

मिस्त्री काही बोलले नाहीत. नुसते "हूं" म्हणाले आणि उठले. पुढचं सगळं मी शेजारी उकिडवा बसून बघितलंय.

आधी त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली. इंजिन बंदच. एका हाताने मागचं चाक हळूहळू फिरवत दुसऱ्या हाताने गिअरची दांडी दाबली. पहिला, मग वर दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी बारीक "टक्". परत उलटे खाली. चारही गिअर लोण्यासारखे. ते बाबांकडं न बघताच म्हणाले, "गिअर फुटले असते, फोर्क वाकला असता, तर बंद गाडीतबी अडकले असते. बंद असताना गुमान पडत्यात आणि चालू असताना भांडत्यात, म्हणजे भांडण गिअरचं न्हवं. क्लचचं."

मग दांडी तिच्या दात्यांवर ढिली आहे का ते हलवून बघितलं. पायाने दाबून सोडली की आपोआप मधोमध परत येते का ते बघितलं, म्हणजे आतली स्प्रिंग धड आहे का. चेन बोटाने उचलून बघितली, कारण चेन फार ढिली किंवा दाते झिजलेले असले तरी गाडी आचके देते आणि माणूस गिअरला शिव्या घालतो. सगळं ठीक होतं.

मग गाडी स्टँडवरनं खाली घेतली. इंजिन बंदच. पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबला आणि मला म्हणाले, "ढकल." मी जोर लावला. हलेना. मामाही लागला, तेव्हा कुठं जरा सरकली. क्लच दाबला म्हणजे इंजिन आणि चाक यांची सोडचिठ्ठी झाली पाहिजे, गाडी सायकलीसारखी ढकलता आली पाहिजे. इथं सोडचिठ्ठी होतच नव्हती. दांडी पायाने दाबून ठेवून परत ढकलायला लावलं. तेच. मिस्त्री म्हणाले, "हातानं क्लच सुटला असता आणि पायानं नसता, तर पायाकडच्या जोडणीत खोट. पायानं सुटला असता आणि हातानं नसता, तर केबलीत खोट. दोन्हीकडनं न्हाई म्हणजे खोट प्लेटांतच."

तेव्हा त्यांनी पिशवी उघडली. स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, बऱ्याच खटपटीने गाडी चालू केली. दहा मिनिटं तापू दिली. "गार तेल सगळं येत न्हाई, आणि आतलं सत्यबी येत न्हाई." खाली घमेलं ठेवून बूच काढलं. ते तेल सांडलं नाही, काकवीसारखं लोंबत उतरलं. मिस्त्रींनी लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्यात फिरवलं आणि उन्हात धरलं. बारीक राखाडी चमक होती, जुन्या गाडीत असतेच ती. दाताचा तुकडा नाही, कपचा नाही. "हे बगा तुमचा फुटका गिअरबॉक्स," ते म्हणाले. बाबा खाली बसले.

डावं कव्हर खोलल्यावर प्लेटा दिसल्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या, पापड ओले असताना एकावर एक ठेवावेत तशा. जाड तेल प्लेटांच्या मधनं सुटायचंच नाही. क्लच दाबला की प्लेटा वेगळ्या व्हायला जागा मिळायची, पण मधलं तेल त्यांना ओढत राहायचं. म्हणून सकाळच्या थंडीत खाट्ट, आणि संध्याकाळी तेल तापून पातळ झालं की जरा बरं. कोल्हापूरच्या वाटेवर पाच-सात किलोमीटरनंतर गिअर मोकळे का झाले, ते तेव्हा उलगडलं. गाडी पहिल्या दिवसापासून सांगत होती. नंतरचे सहा महिने नुसती उभी राहिल्याने तर प्लेटा पारच बसल्या.

मिस्त्रींनी एकेक प्लेट रॉकेलात धुतली. लोखंडी प्लेटा खिडकीच्या सुट्या काचेवर ठेवून कुठली वाकली आहे का ते बघितलं. बुचं बहुतेक शाबूत होती. पॅकिंग पुठ्ठ्याचं कापून केलं. मग गॅरेजवाल्याने ताणलेली केबल सोडवून क्लच नव्याने लावला. मुठीजवळ दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल राहिली पाहिजे. जास्त राहिली तर क्लच पूर्ण सुटत नाही, अजिबात नसली तर घसरतो आणि बुचं जळतात. हे करता करता म्हणाले, "दुसऱ्यानं केलेलं आदी सोडवायचं, मग आपलं सुरू करायचं. न्हाईतर दोन दुखणी एकमेकांत गुत्तत्यात."

शेवटी तेल घालायची वेळ आली. पान्यासाठी त्यांनी गाडीच्या बाजूचा हत्यारांचा डबा उघडला. आत फडक्यात गुंडाळलेली हत्यारं, एक जादा प्लग आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली एक चिठ्ठी. मिस्त्रींना कानडी वाचता यायचं. त्यांनी वाचली आणि बाबांच्या हातात दिली. अण्णांचं अक्षर. चार ओळी कानडीत. पेट्रोलमध्ये ऑइल किती, प्लग कुठला, चाकात हवा किती. आणि शेवटची ओळ, गिअर आणि क्लचचं तेल एकच, इंजिनाचंच घालायचं, ४० नंबर, लिटरभर. अक्षरं कानडी असली तरी आकडा इंग्रजी होता. ४०. तो वाचायला कुणाच्या भाषेची गरज नव्हती. डबा आम्ही एकदाही उघडला नव्हता.

बाबा बराच वेळ ती चिठ्ठी धरून उभे होते. मला वाटलं अक्षर लागत नाही म्हणून.

४० नंबरचं तेल पडलं. मिस्त्रींनी किक मारली, थोडी तापू दिली, पहिला गिअर टाकला. आवाज आला तो "टक्" एवढाच. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले, हात न लावता नुसत्या पायावर. आज्जी ओट्यावर येऊन उभी राहिली होती. मिस्त्रींनी तेलाचे, पॅकिंगचे आणि दिवसाच्या मजुरीचे पैसे घेतले, गणपतीचा प्रसाद घेतला आणि गेले.

अनंत चतुर्दशी झाल्यावरच्या रविवारी बाबांनी सकाळी मला उठवलं. "चल." किलोभर कुंदा घेतला. बागेवाडी, कित्तूर करत आम्ही धारवाडला निघालो. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा रुंद नव्हता. वाटेत बाबा एकच गोष्ट बोलले. "ओतकामात भोक पडलं की मोल्डर म्हणतो पॅटर्न चुकीचा, आम्ही म्हणतो वाळू ओली होती, भट्टीवाला म्हणतो लोखंड बरोबर होतं. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, आधी भोक नीट बघा, मग माणूस धरा. आणि मी स्वतः?" पुढचं बोलले नाहीत. मी मागं बसून कुंद्याचा डबा सांभाळत होतो.

अण्णांनी दार उघडलं. बाबांनी सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. तेल, प्लेटा, चिठ्ठी. मग म्हणाले, "अण्णा, गाडीबद्दल बोललो ते चुकलं. दुसरं बोललो ते जास्त चुकलं." अण्णांनी कुंदा घेतला, आतल्या बाईंना हाक मारली आणि म्हणाले, "होगली बिडि." म्हणजे जाऊ द्या, सोडा. मला तेवढं कानडी कळत होतं.

पण एकदम पहिल्यासारखं झालं असं नाही. जेवताना दोघं जपून बोलत होते, नवीन ओळख झाल्यासारखे. वाकडं निघालेलं वाक्य परत घेता येतं, पण ऐकलेलं विसरता येत नाही. जेवण झाल्यावर अण्णांनी विचारलं, "एक चक्कर मारू का?" गेले ते पाऊण तास आलेच नाहीत. परत आले तेव्हा डोळे लाल होते. वाऱ्याने असेल. दांडीकडं बोट करून बाबांना म्हणाले, "राव, तिसऱ्यात टाकताना पाय जरा जास्त वेळ ठेवता. लगेच सोडा, ती तिचं तिचं बघून घेते." त्या वाक्यानंतर मात्र दोघं सुटले. निघेपर्यंत जावाबद्दलच बोलत होते.

पुढं दर दिवाळीला फराळाचा डबा धारवाडला जायचा आणि धारवाडचा पेढा आमच्याकडं यायचा. अण्णा गेले तेव्हा बाबा त्याच गाडीवरनं गेले होते.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव परत आलं, नंतर येझदीही. गाड्या नव्या, यंत्रही वेगळं. आता आपल्या पोरांना जुन्या जावा-येझदींचं वेड लागलंय. माझा भाचा परवा एक बघून आला आणि म्हणाला, "मामा, गिअर फार कडक पडतात, विकणारा फसवतोय." मी त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कुणाला उपयोग झाला तर होऊ दे.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी कळवून ठेव की इंजिन गार पाहिजे. बंद गाडीत चाक फिरवत चारही गिअर टाकून बघ. तिथं अडकले तर गिअर, फोर्क किंवा दांडीचं काम. तिथं मोकळे आणि चालू असताना कडक, तर क्लच, केबल नाहीतर तेल. गिअर टाकल्यावर ओढताना आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल तर मात्र आतले दाते झिजलेत, ते खर्चाचं. स्लो फार वाढवून ठेवलेला असला तरी पहिला गिअर आपटून पडतो, आधी तो उतरव. गार असताना त्रास आणि तापल्यावर बरी, तर तेलावर संशय घे. तापल्यावर जास्त त्रास, तर प्लेटा आणि केबल बघ. आणि हे सगळं करायच्या आधी विकणाऱ्याला विचार, शेवटचं काय काम केलंत? हत्यारांचा डबा उघडून बघ.

आमची जावा अजून आहे. क्रोम गेलाय, टाकी दोनदा रंगवली. बाबा ऐंशीच्या पुढं आहेत, चालवत नाहीत, पण रविवारी पडवीत खुर्ची टाकून बसतात आणि मी किक मारली की मान वाकडी करून ऐकतात. चिठ्ठी डब्यात तशीच आहे, पिशवी तेवढी बदलली. बाबांनी त्या चिठ्ठीसाठी नंतर कानडी अक्षरं शिकून घेतली. चारच ओळी वाचता येतात त्यांना. पण त्या तोंडपाठ आहेत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी तेव्हाची जावा असेल, किंवा वडगाव-शहापुरातल्या त्या जुन्या मिस्त्रींपैकी कुणाच्या हाताखाली काम केलेलं असेल, तर जरूर लिहा. बाबांना वाचून दाखवीन.